उलटा ओके

माझी बहीण ‘ओके’ म्हणत नाही. फोनवर नाही, घरात नाही, आणि कुणी अंगठा दाखवला तर स्वतःचा अंगठाही वर करत नाही. बाकी जगाचं त्या शब्दावाचून पान हलत नाही. माझी बायको चिडली की ‘ओके’ म्हणते, आणि मग दोन दिवस घरात फक्त भांड्यांचे आवाज येतात. मुलगी फोन ठेवताना ‘ओके ओके ओके’ म्हणते, म्हणजे मी सांगितलेलं तिने काहीच ऐकलेलं नसतं. सिनेमा ‘ओके होता’ म्हणजे वाईट होता. डॉक्टर रिपोर्टवर नजर टाकून ‘ओके’ म्हणतात, आणि आपला जीव भांड्यात पडायच्या आत पुढचा कागद उलटतात. आमच्या कारखान्याचा वॉचमन ट्रक मागे घेताना ‘ओके, ओके’ करत हात हलवतो आणि ट्रक भिंतीला टेकला की गप्प बसतो. आमचे मॅनेजर साहेब तोच शब्द ओळीने तीनदा म्हणाले, की समोरच्याने उठून दाराकडे चालायला लागायचं असतं.

ताईला विचारा, ‘जेवलीस?’ ती म्हणेल, ‘हो.’ ‘उद्या येशील?’ ‘येईन.’ ‘सगळं ठीक ना?’ असं विचारलंत तर मात्र म्हणेल, ‘बघून सांगते.’ या ‘बघून सांगते’ने माझ्या डोक्याचा भुगा झालेला आहे. बरं, कधीतरी न बघता सांगेल असंही नाही. ती खरंच बघायची.

आम्ही दोघं एकाच कारखान्यात होतो. तिथे घरगुती शिड्या बनतात, ॲल्युमिनियमच्या, पाच पायऱ्यांच्या, मागे दोन पायांचा टेका असलेल्या. माळ्यावरची बॅग काढायला, पंखा पुसायला, ट्यूब बदलायला घरोघरी असतात त्या. ताई एकोणिसाव्या वर्षी तिथे शिड्यांच्या सांध्यांना रिव्हेट ठोकायला लागली. वडील नव्हते, आईचे गुडघे गेले होते आणि मी शाळेत होतो. पुढे मी बारावीला दोनदा आपटलो तेव्हा तिनेच शब्द टाकून मला डिस्पॅचला चिकटवलं. माल मोजायचा, ट्रकमध्ये चढवून घ्यायचा, रजिस्टर भरायचं. या कामाला तीस वर्षं झाली, टक्कल पडलं, चष्मा लागला, तरी ती मला ‘छोट्या’ म्हणायची, तेही लोडिंगवाल्यांच्या देखत.

ती तपासणीवर गेली तेव्हा तिला एक रबरी शिक्का मिळाला. नाण्याएवढा, गोल, मधे ‘ओके’ आणि त्याखाली सातचा आकडा. सात म्हणजे ताई. दुसरा शिक्का तीन नंबरचा, तो पलीकडच्या शेडमध्ये लांब शिड्या तपासणाऱ्या एका गृहस्थांकडे असे. नियम असा होता की दहातली एक शिडी चढून पाहायची आणि उरलेल्या नऊ नजरेखालून घालायच्या. गृहस्थ नियमाने चालत. ताई दहाच्या दहा चढायची.

चपला काढायची, शिडी उघडायची, चार पायऱ्या वर. भार डाव्या पायावर, मग उजव्यावर, मग टाचा उचलून एकदा दणका. त्या वेळी ती डोळे मिटून कान द्यायची. रिव्हेट कच्चं असेल तर ‘टक’ असा आवाज येतो म्हणे. मी समोर उभा असायचो आणि मला कधीही काहीही ऐकू आलं नाही.

दणका देऊन झाला की खाली उतरायच्या आधीच ती वरून वाकायची, पलीकडे हात घालायची आणि मागच्या बाजूच्या पट्टीवर शिक्का मारायची. कंपनीचं नाव आणि लॉट नंबर छापलेली पट्टी असते ती. वरून पालथ्या हाताने मारल्यामुळे शिक्का उलटा पडायचा, ओकेचं डोकं खाली आणि सात त्याच्या उरावर. एक नाही, दोन नाही, लाखभर शिड्या अशाच गेल्या असतील.

सुरुवातीला ती चारचौघांसारखी खाली उतरून शिक्का मारत असे. एकदा उतरताना कुणीतरी हाक मारली, ती वळून बोलली, आणि मग शेजारच्याच शिडीवर शिक्का मारून मोकळी झाली. नंतर लक्षात आलं. कुठल्या ते आठवेना, म्हणून त्या रांगेतल्या चाळीसच्या चाळीस शिड्या तिने पुन्हा चढून पाहिल्या. दुसऱ्या दिवसापासून शिक्का दोरीत ओवून गळ्यात आणि शाईची डबी कमरेच्या पट्ट्याला. मी विचारलं तर म्हणाली, ‘‘मी वर असते तेवढंच काय ते मला माहीत असतं. खाली उतरलं की लोक बोलायला लागतात.’’

साहेबांना तो उलटा शिक्का अजिबात खपत नसे. ‘‘अहो बाई, गिऱ्हाइकाला वाटेल आपल्याला साधा शिक्का मारता येत नाही.’’

‘‘गिऱ्हाइकाला म्हणावं वर चढून बघा,’’ ताई म्हणायची. ‘‘सरळ दिसेल.’’

साहेब मग ‘ओके ओके ओके’ म्हणायचे. पण त्या शिक्क्यापायी सगळ्या कारखान्याला एक खोड लागली. लॉट टिपताना, माल मोजताना, पट्टी वाचायची म्हणजे जो तो मान डाव्या खांद्यावर टाकायचा. मला तर घरी वर्तमानपत्र वाचतानाही मान वाकडी होते म्हणून बायको टोकायची.

हे सगळं आता सांगताना मी तिचं कौतुक करतोय असं वाटेल. तेव्हा करत नव्हतो. तेव्हा मी वैतागलेला असायचो. ट्रक फाटकाशी उभा, ड्रायव्हरचा हात हॉर्नवर, साहेबांचा दर पाच मिनिटांनी फोन, ‘झालं का ओके?’, आणि ही बाई आपली चौथ्या पायरीवर डोळे मिटून उभी. शिव्या खायच्या कुणी, तर डिस्पॅचवाल्याने. मी खाली उभा राहून म्हणायचो, ‘‘ताई, कर ना आता ओके.’’ ती वरून म्हणायची, ‘‘बघून सांगते.’’ सख्खी बहीण नसती तर शिडीसकट ट्रकमध्ये भरली असती.

मग भावजींच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. ताईने दोन दिवसांची रजा टाकली. अकरा वर्षांत पहिली. निघताना तिने गळ्यातली दोरी काढली, शिक्का माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, ‘‘कपाटात टाक. किल्ली तुझ्याकडेच ठेव, दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नकोस.’’

‘‘एवढं काय त्यात,’’ मी म्हणालो.

‘‘तुझ्याकडे आहे म्हणून घरी निवांत बसेन,’’ ती म्हणाली, आणि गेली.

दुसऱ्याच दिवशी साठ शिड्यांचा लॉट तयार होऊन पडला आणि ट्रक दुपारी अडीचला निघायचा होता. तीन नंबरचे गृहस्थ म्हणाले, माझ्याकडे लांब शिड्या आहेत, मी या शेडमध्ये हात घालणार नाही. ट्रक उद्यावर ढकलता आला असता. माल मागवलेल्या दुकानदाराने दोन शब्द सुनावले असते, आम्ही ऐकून घेतले असते. साहेब घड्याळाकडे बघत आले. ‘‘त्या साठ ओके करून घ्या,’’ म्हणाले. मग माझ्या हातातल्या किल्ल्यांकडे पाहिलं आणि निघून गेले.

पुढे बरेच दिवस मी स्वतःची समजूत घालत होतो की साहेबांच्या बोलण्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लागत होता. तसं काहीही नव्हतं. ते काय म्हणाले ते मला चांगलं कळलं होतं, आणि मला कळलंय हे त्यांना कळलं होतं.

साठ शिड्यांना मला वीस मिनिटं लागली. खोटं कशाला बोलू, मला मजा आली. इतकी वर्षं जिच्यासाठी ताटकळत उभा राहिलो ते काम एवढंसंच होतं की काय, असं वाटलं. मी प्रत्येक शिक्का पट्टीच्या बरोबर मधे मारला, नीट, सरळ. एकही तिरका नाही. साहेब परत जाताना थांबले, एक शिडी निरखली आणि म्हणाले, ‘‘वा. असा हवा शिक्का.’’ त्या ‘वा’वर मी संध्याकाळपर्यंत फुगून होतो. ट्रक दोन वीसलाच निघाला.

ताई आली तेव्हा मी कपाट उघडून शिक्का तिच्या हातात दिला. तिने दोरी गळ्यात घातली. ‘‘काही विशेष?’’

‘‘काही नाही,’’ मी म्हणालो. ‘‘सगळं ओके.’’

अडीच महिने गेले. एके दिवशी साहेबांनी मला रजिस्टर घेऊन आत बोलावलं. ताई आधीच तिथे उभी होती. खोलीच्या मधोमध फरशीवर आमची एक शिडी पालथी पडलेली, खालचं टोक साहेबांच्या खुर्चीकडे, मागचा एक पाय मुळापासून मोडून बाजूला पडला होता. शेजारी दुकानदाराचं पत्र. एक रंगारी छताला रंग देताना त्या शिडीवरून पडला होता. घोट्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं. पायाला पकडणारं रिव्हेट तुटलं होतं.

साहेब खुर्चीतून पुढे वाकले आणि पट्टीवरचं वाचलं. ‘‘लॉट एकशे चौदा. ओके सात.’’ मग ताईकडे पाहून म्हणाले, ‘‘बाई, हा तुमचा नंबर.’’

ताई पट्टीकडे बघत नव्हती. ती साहेबांकडे बघत होती. वाचताना साहेबांनी मान वाकडी केली नव्हती. ते तिच्या लक्षात आलं त्या क्षणी माझ्याही लक्षात आलं. ती मग खाली बसली, पट्टीवर बोट फिरवलं.

‘‘नंबर माझा आहे,’’ ती म्हणाली. ‘‘शिक्का मी मारलेला नाही.’’

‘‘मग कोणी मारला?’’

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी रजिस्टर छातीशी धरून मूग गिळून उभा होतो. साहेबांना ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? ज्या माणसाने इतकी वर्षं उलट्या शिक्क्यावरून डोकं खाल्लं त्याला सरळ शिक्का दिसत नाही होय? पण ते शांतपणे पेनाचं टोपण काढत-लावत म्हणाले, ‘‘तुमची रिटायरमेंट आठ महिन्यांवर आली आहे. प्रकरण वाढवायचं नाही. नजरचुकीने राहिलं असं दोन ओळीत लिहून द्या. शिक्का जमा करा, उरलेले महिने पॅकिंगला बसा. परवा सकाळी दहापर्यंत. ओके?’’

‘‘या लॉटच्या बाकीच्या कुठे आहेत?’’ ताईने विचारलं.

‘‘बाकीच्या काय?’’

‘‘शिड्या. लॉट साठचा असतो. ही एक. एकोणसाठ कुठे आहेत?’’

‘‘त्यांची तक्रार आलेली नाही,’’ साहेब म्हणाले. ‘‘ओके, ओके, ओके.’’

आम्ही बाहेर आलो. ती शेडच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी जाऊन थांबली. मी मागोमाग गेलो. न जाऊन करतो काय.

‘‘किल्ली तुझ्याकडे होती,’’ ती म्हणाली.

‘‘हो.’’

‘‘साठच्या साठ?’’

‘‘साठ.’’

‘‘एकीवर तरी चढलास?’’

मी नकारार्थी मान हलवली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी तोंड उघडलं, ट्रक उभा होता, साहेबांनी सांगितलं, तू नव्हतीस, असं सगळं एका दमात बाहेर आलं. स्वतःचा आवाज ऐकून मलाच शिसारी आली, पण थांबवेना. शेवटी तर मी म्हणालो, ‘‘तू रोज एवढा वेळ लावतेस, म्हणून लोकांवर ही पाळी येते.’’ हे वाक्य मी बोललो. आजही आंघोळ करताना मधेच आठवतं.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘‘मी चूक माझी म्हणून लिहून दिलं, तर एक शिडी नजरेतून सुटली एवढंच होईल. बाकीच्या एकोणसाठ ओके. त्या कुणाच्या तरी घरात उभ्या आहेत. कुणीतरी आत्ता त्यांच्यावर चढत असेल.’’

‘‘मग तू सांग ना साहेबांना. माझं नाव सांग.’’

‘‘मी त्या दिवशी घरी होते. मी काही पाहिलेलं नाही,’’ ती म्हणाली. ‘‘जे पाहिलं नाही ते मी सांगत नाही. ज्याने केलं त्याला माहीत आहे.’’

मला तिचा भयंकर राग आला. शिव्या दे, कानाखाली वाजव, साहेबांकडे खेचून ने, काहीही कर, पण हे काय? इतकी वर्षं हिने प्रत्येक गोष्ट स्वतः चढून पाहिली आणि नेमकी ही एक माझ्या डोक्यावर ठेवली. घरी आलो तर बायकोने विचारलं, ‘‘काय झालं?’’ मी म्हणालो, ‘‘काही नाही.’’ ती म्हणाली, ‘‘ओके.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला. ‘‘रंगाऱ्याला बघायला जातेय. येतोस?’’ नाही म्हणायला काही कारण सुचलं नाही.

रंगाऱ्याची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. तो पन्नाशीचा, सडपातळ, खिडकीजवळच्या पलंगावर पाय उशीवर ठेवून पडला होता. नखांत अजून पिवळा रंग होता. ताईने सांगितलं, आम्ही शिडीच्या कारखान्यातले. मला वाटलं आता तो तोंडाचा पट्टा सोडेल. उलट त्याने बायकोला चहा टाकायला सांगितलं.

‘‘तुमच्याच शिड्या वापरतो मी,’’ तो म्हणाला. ‘‘ही माझी चौथी होती. आधीच्या तिन्ही झिजून गेल्या पण दगा नाही दिला. उलट्या शिक्क्याची द्या म्हणून मागायचो दुकानात. दुकानदारालाही तेवढ्यावरून कळायचं.’’

ताईने मान खाली घातली.

‘‘या वेळी शिक्का सरळ होता,’’ तो पुढे म्हणाला. ‘‘मी दुकानदाराला म्हटलं, ही त्यांचीच ना? तो म्हणाला, त्यांचीच. म्हटलं, चला, कंपनी सुधारली.’’ आणि तो हसला. हसताना पाय हलला आणि त्याचा चेहरा आक्रसला.

चहा आला. मी कप न पिताच खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. त्या माणसाने आम्हाला दोष द्यायला हवा होता. त्याने दुकानात शिडी उलटी करून पाहिली होती, विचारलं होतं, त्याच्याकडून काहीही राहिलं नव्हतं. जे राहिलं होतं ते माझ्याकडून. मी म्हणालो, ‘‘तो शिक्का मी मारला. न बघता मारला.’’ त्याची बायको दारात उभी होती, ती आत निघून गेली. रंगाऱ्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. मग म्हणाला, ‘‘आता तुम्ही जा.’’

जिना उतरताना ताई पुढे होती. खाली आल्यावर म्हणाली, ‘‘हे त्याला सांगून भागणार नाही.’’ मी म्हणालो, ‘‘माहीत आहे.’’

तिसऱ्या दिवशी दहाला मी साहेबांच्या टेबलावर कागद ठेवला. लॉट एकशे चौदा, साठ शिड्या, एकही न तपासता मी सात नंबरचा शिक्का मारला, खाली सही. साहेबांनी दोनदा वाचलं.

‘‘तुम्हाला कळतंय का हे काय आहे? सगळा लॉट परत मागवावा लागेल.’’

‘‘हो.’’

‘‘मी तुम्हाला काय सांगितलं होतं त्या दिवशी?’’

‘‘ओके करून घ्या म्हणालात.’’

‘‘म्हणजे तपासून घ्या,’’ ते सावकाश म्हणाले.

‘‘हो. मी तपासल्या नाहीत. तेच लिहिलंय.’’

त्यांचा चेहरा मोकळा झाला, आणि मला त्यांचा जेवढा तिटकारा तेव्हा आला तेवढा कधी आला नव्हता. ते साफ सुटले. अजूनही त्याच खुर्चीत आहेत. माझं डिस्पॅच गेलं, टेबल गेलं, किल्ल्या गेल्या. मला लोडिंगला उभं केलं, ज्यांच्यावर तीस वर्षं डाफरलो त्यांच्याच रांगेत. त्यांनी मला काही म्हटलं नाही, फक्त जड बाजू माझ्याकडे यायला लागली.

बावीस शिड्या दुकानाच्या गोदामातच होत्या, त्या लगेच आल्या. विकल्या गेलेल्यांपैकी एकोणतीस शिड्या लोकांना फोन करकरून परत मागवल्या. मी त्या ट्रकमधून उतरवायचो, फडक्याला थिनर लावून माझा सरळ शिक्का पुसायचो आणि ताईसमोर उभी करायचो. ती चढायची. आमचं बोलणं कामापुरतं. ‘छोट्या’ तर बंदच झालं. काही हवं असलं की ‘अरे, ऐक’ म्हणायची, जसं कुणालाही म्हणतात.

पाचव्या की सहाव्या शिडीवर तिने दणका दिला आणि थांबली. ‘‘अरे, ऐक. इकडे ये. चपला काढ.’’ ती उतरली आणि तिने मला वर चढवलं. ‘‘चौथ्या पायरीवर. आता डाव्यावर ये. डोळे मीट.’’ मी भार डाव्या पायावर घेतला.

टक.

आवाज मुंगीएवढा होता. कानाला आला की तळपायाला, सांगता येणार नाही. ‘‘आलं?’’ तिने खालून विचारलं. मी ‘हो’ म्हणालो आणि मला उतरताच येईना. चार पायऱ्यांची उंची ती काय, पण रंगारी एवढ्यावरूनच पडला होता. एक्कावन्न शिड्यांत असे चार टक निघाले.

ताई रिटायर झाली त्या दिवशी साहेबांनी भाषण केलं. बाईंच्या काळात सगळं कसं अगदी ओके होतं, असं त्यांनी सांगितलं. भिंतीवरचं घड्याळ दिलं. ताईला दोन शब्द बोला म्हणाले. ती उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘आठ शिड्या अजून आलेल्या नाहीत.’’ आणि बसली. लोकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या.

याला दोन वर्षं झाली. कंपनीने त्या आठांचा नाद केव्हाच सोडला. आम्ही सोडलेला नाही. दर रविवारी तिचा फोन येतो. ‘‘सापडली?’’ ‘‘नाही.’’ ‘‘बरं.’’ आतापर्यंत पाच सापडल्या. एक वाचनालयात, एक शिंप्याच्या दुकानात, दोन एकाच इमारतीत, एक तर आमच्या दाताच्या डॉक्टरकडे पडद्यामागे. त्यातली एक कच्ची निघाली. तीन राहिल्यात. ‘छोट्या’ही अजून राहिलंय.

बायको म्हणते, तुम्हाला रस्त्याने नीट चालवत नाही. खरं आहे. शिडी दिसली की मी तिच्या मागे जातो. लोक हटकतात. एका सोसायटीच्या वॉचमनने चोर समजून दंड धरला होता. कुणाकुणाला आणि काय काय समजावून सांगायचं? सांगून झाल्यावर ते म्हणतात, ‘ओके’, आणि मी कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहतात.

गेल्या आठवड्यात पोस्टात रांगेत होतो. पुढे दोनच माणसं उरली होती आणि मी पाऊण तास उभा होतो. समोर भिंतीशी एक माणूस ट्यूब बदलायला शिडी उघडत होता. आमची होती, लांबूनच कळली. त्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

‘‘थांबा,’’ मी ओरडलो. ‘‘चढू नका.’’

सगळं पोस्ट माझ्याकडे बघायला लागलं. मी रांग सोडली, शिडीच्या मागे गेलो, वाकलो. पट्टीवर धूळ होती, ती अंगठ्याने पुसली. आणि माझी मान आपोआप डाव्या खांद्यावर गेली.

तो माणूस एक पाय पायरीवर ठेवून तसाच थांबला होता. ‘‘काय झालं, काका? ओके आहे ना?’’

‘‘चढा,’’ मी म्हणालो. ‘‘माझी बहीण चढलेली आहे हिच्यावर.’’

त्याला काही कळलं नाही. तो चढला. रांगेतली माझी जागा गेली होती, मी पुन्हा शेवटी जाऊन उभा राहिलो.